विहिरीतून आलेला कागद

“यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पैज लावा! माझ्या बायकोचा नाही बसला. आणि ती तर मी रोज फिरायला जातो यावरही विश्वास ठेवते.”

पंपघराच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला होता. त्याच्या सामानाची यादी करायला मला, निवृत्त म्हाताऱ्याला, बोलावलं होतं. समोर नवे साहेब आणि टाचणीची लेक. टाचणी म्हणजे माझा जोडीदार; अंगानं तसाच, बोलणंही टोचणारं. गावाला पाणी सोडणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला. पंपांचा भाग त्याचा, घड्याळाचा माझा. तो जाऊन महिना झाला होता. लेक आता त्याच्याच जुन्या खुर्चीत बसते.

“सकाळी प्रोग्राम सुरू करणारी एक स्क्रिप्ट होती,” मी रंगात आलो. “तिला चुका शोधणारं टूल जोडलेलं. रोज दोनशे ओळी कुरकुर! तेव्हाचे साहेब वैतागले. मग मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली. टूल जे बोलेल ते विहिरीत टाक.”

“कसली विहीर?” साहेबांनी विचारलं.

“कॉम्प्युटरमध्ये असते तशी जागा,” लेक म्हणाली. “तिथे टाकलेलं कुठेच उरत नाही.”

“तेच तर! पुढे गावाला दोन दिवस पाणी नाही. खापर टाचणीवर फुटलं, पंप त्याचे ना! खुर्चीवरून उठवून त्याला मीटर वाचायला धाडलं. अकरा वर्षं, उन्हातान्हात, दारोदार. तो एवढंच म्हणायचा, ‘टूल बोललं असेल रे. कुणी ऐकलं नाही.’”

मी आवाज खाली आणला.

“गेल्या सोमवारी, भर दुपारी, मी इथे एकटा. हा डबा बंद, वायर काढलेली. आणि प्रिंटर खरखरला! कागद सरकत बाहेर आला. गार, ओलसर, विहिरीतून शेंदल्यासारखा. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. पंखा बंद, तरी कागद हलत होता. पलीकडून कुणीतरी वाचत असावं तसा.”

साहेबांनी नकळत खुर्ची प्रिंटरपासून मागे ओढली. मला आतून गुदगुल्या झाल्या.

“काय होतं त्यावर?” लेकीनं विचारलं.

मी पाकिटातून कागद काढून तिच्या हातात दिला. “वाच. पंपांचा भाग, चूक नाही. घड्याळाचा भाग, चूक. तुझा बाप निर्दोष होता, बाळ. त्यानंच वरून धाडलंय.”

तिनं वाचला. मग खिडकीच्या उजेडासमोर धरला. चारही घड्यांतून उजेड आरपार येत होता.

“काका,” ती हळू म्हणाली, “सोमवारचा कागद इतका झिजत नाही. आणि विहिरीतून काही परत येत नाही. हा तुम्ही ती ओळ घालायच्या आधीच छापून घेतला होतात.”

तिनं कागद त्याच घड्यांवर पुन्हा मिटला.

“बाबा तुमच्या घरचाही मीटर वाचायला यायचे ना?”