बिल्ला ज्याचा, खुर्ची त्याची

ऑफिसात त्याला सगळे सोयसाहेब म्हणत. कुणाला तिकीट हवं असो, कुणाला डॉक्टरची वेळ, हा म्हणणार, "होऊन जाईल, आपली ओळख आहे." कसली ओळख आणि कसलं काय! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

या वेळी मात्र थाप मारली ती थेट मॅडमपुढे. नव्या शाखेचा प्रमुख कोण, हे त्याच ठरवणार होत्या, आणि त्या खुर्चीवर साहेबांचा वर्षभर डोळा होता. मॅडम सहज म्हणाल्या, "तुमच्या भागातल्या थाई हॉटेलाचं फार ऐकलंय. पण तासन् तास थांबावं लागतं म्हणे."

"तुम्ही फक्त यायचं, मॅडम. मालकीणबाई आपल्या घरच्याच."

घरच्या मालकीणबाईंनी याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तिथे फोनवर टेबल मिळत नाही. दारात लाकडी बिल्ला घ्यायचा आणि नंबर येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं, मग तुम्ही कुणी का असेना. तेव्हा या शहाण्याने काय करावं? बापाला बसवलं.

"बाबा, मी आलो की बिल्ला द्या आणि घरी जा."

"जेवायला काय असतं रे तिथे?"

"तुम्हाला नाही आवडायचं."

बाबा बिचारे गेले. बाक टणक म्हणून घरातली उशी घेतली, वारं लागतं म्हणून माकडटोपी चढवली आणि ऊन उतरल्यापासून बसून राहिले. मुलाचं काम होतं ना.

मॅडमना घेऊन तो आला, तसे बाबा उशी काखोटीला मारून लगबगीने पुढे आले. चेहरा कसा फुललेला.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

एका शब्दाचं काम होतं. पण त्याला ती टोपी दिसली, ती उशी दिसली, आणि तो म्हणाला, "काही नाही, नंबर धरायला बसवलेला माणूस आहे."

बाबांनी ऐकलं. बिल्ला पुढे केला आणि म्हणाले, "घ्या, साहेब."

एवढ्यावर निभावलं असतं. पण नंबर पुकारायला मालकीणबाईच बाहेर आल्या. लोक भाड्याची माणसं बसवून टेबलं पळवायला लागले, तेव्हा बाईंनी एक नियम केला होता आणि तो तिथल्या अख्ख्या गल्लीला पाठ होता: बिल्ला ज्याचा, खुर्ची त्याची. जो थांबला तो जेवायला बसलाच पाहिजे, नाहीतर टेबल पुढच्याला. बाईंच्या या 'घरच्या' सोयसाहेबाला तेवढाच ठाऊक नव्हता.

"मला भूक नाही, मी निघतो," बाबा म्हणाले.

"मग टेबलही निघालं," बाई म्हणाल्या.

"बसा हो काका," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यामुळे तर आत जायला मिळतंय."

झालं, तिघे बसले. बाबा खुर्चीच्या कडेला, उशी मांडीवर. पाण्याचा जग सरकवतानासुद्धा ते त्याला "साहेब" म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, नाटक नीट वठावं एवढीच काळजी होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटत होती, आणि ती लाज बोलून टाकायची हिंमत होत नाही याची आणखी लाज.

नूडल्स आल्या. खाली मान घालून त्याने पहिला घास उचलला, तोच बाबांचा हात आडवा आला.

"नको, वर दाण्याचं कूट आहे."

मॅडमचा काटा थांबला. "यांना दाणे चालत नाहीत, हे तुम्हाला काय माहीत?"

बाबा गडबडले. मग म्हणाले, "माझ्या मुलाला चालत नाहीत. लहान असताना घसा सुजून जाता जाता वाचला. तेव्हापासून कुणाचंही ताट आधी बघायची खोड लागलीय."

"कुठे असतो मुलगा?"

"असतो कामात," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "फार मोठं काम आहे त्याचं. गुणी आहे."

निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं. नाही उघडलं. त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा झाला तरी खाली ठेवला नाही. मॅडम एकदा याच्याकडे, एकदा बाबांकडे बघत राहिल्या.

जेवण झाल्यावर दारात, बाबा मागून यायच्या आत, त्या त्याला म्हणाल्या, "मी टॅक्सी बोलावलीय. तुम्ही वडिलांना घरी सोडा."

आवाज चढवला नाही, शाखेचा विषय काढला नाही. बाबांना वाकून नमस्कार केला आणि टॅक्सीची वाट बघत बाकावर बसल्या, बाबा बसले होते तिथेच.

त्याने आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. बाबा मात्र मागे जाऊन बसले आणि उशी गुडघ्यांवर घेतली.

"बाबा," त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तो म्हणाला, "पुढे या ना."

"राहू दे रे," बाबा हळूच म्हणाले. "तुझ्या मॅडम बघतायत अजून."