उलटी फिरणारी पृथ्वी

भूगोलाच्या बाईंसमोर माझी पृथ्वी उलटी फिरली. वर्गात हशाच हशा!

"सूर्य पश्चिमेला उगवला की गं!" बाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत सरळ कर, नाहीतर प्रदर्शनातून बाद."

पण घरी तर ती सरळ फिरत होती!

पृथ्वीच्या गोळ्याखालची मोटर मी आत्याच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या भंगारातून काढली होती. एक शोभेचा दिवा होता, त्याच्याभोवती कागदी मासे फिरायचे. दिवा गेलेला, मासे फाटलेले, पण तळाची डबीएवढी मोटर ठणठणीत. आतल्या दातेरी चाकांमुळे ती इतकी सावकाश फिरते की गोगलगायसुद्धा पैज जिंकेल.

संध्याकाळी आत्याच्या टेबलावर मी बटण चालू-बंद करत बसले. सरळ. सरळ. उलटी. सरळ. उलटी.

"आत्या, हिला जायचंय तरी कुठं?"

"आतलं चुंबक पहिल्या झटक्याला जिकडे वळेल तिकडे. मासे कुठेही पोहले तरी कोण विचारतंय?"

"वायरी उलट जोडू?"

"जोड. ढिम्म फरक पडणार नाही. तुझ्या बाबाला समजावण्यासारखंच ते."

वैतागून मी पृथ्वीच चिमटीत धरली. आणि काय सांगू! ती जराशी कुरकुरली आणि चक्क मागे वळली. पुन्हा धरली, पुन्हा वळली.

"आत्या, अडवलं की ही दिशा बदलते!"

"हट्! बघू?" आत्यानं पक्कड खाली ठेवली आणि स्वतः तीनदा धरून बघितली.

म्हणजे फक्त चुकीच्या वाटेवर अडवायचं! पृथ्वीखालच्या चकतीच्या कडेला मी टाचणी खोचली. शेजारी बाटलीच्या प्लास्टिकची पट्टी, आणि पट्टीच्या एका बाजूला खिळा. टाचणी सरळ आली तर पट्टी वाकून वाट देते. उलटी आली तर पट्टी खिळ्याला टेकते आणि ताठ उभी राहते. पण एकाच टाचणीपर्यंत पोचायला पृथ्वी जवळजवळ अख्खा उलटा फेरा मारायची. मग काय, कडेनं टाचण्याच टाचण्या!

सकाळी बाईंनी स्वतः बटण दाबलं. उलटी! टक. पृथ्वी थबकली, वळली आणि शहाण्यासारखी सरळ निघाली.

"अय्या! पुन्हा." बाईंनी बटण दाबलं. सरळ. पुन्हा सरळ. "छे, आता उलटी होऊ दे ना!"

"बाई, मग प्रदर्शनात..."

"पहिल्या टेबलावर ठेव. थांब, आत्ता नको नेऊस, अजून एकदाच बघते."

मागे वर्गातल्या मुलांची रांग लागली होती. बाईंचं बोट बटणावरून हलत नव्हतं.