उजव्या बाहीतली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिठ्ठी आहे. कसली, हे सांगताना माझी जीभ रेटत नाही. प्रेमपत्र असते तर लाजत का होईना, सांगितले असते. बसचे तिकीट असते तरी चालले असते. पण मी परीक्षेत कॉपी करण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी आहे. विषय रसायनशास्त्र. नारीन शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका शाळेत, रसायनाच्या वर्गाच्या दाराशेजारी मी खिळ्याला टांगलेली आहे. येणारेजाणारे मला वाचतात. लाजेने भिंतीकडे तोंड फिरवावे म्हटले, तर माझी पाठही तशीच काठोकाठ लिहिलेली आहे.

माझा जन्म १९९४च्या वसंतात झाला. नुरझात नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीने चौकटीच्या वहीतून दोन बोटे रुंदीची पट्टी कापली आणि बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या तिच्या नऊ घड्या घातल्या. मग पेन्सिलीला सुईसारखे टोक काढून ती लिहायला बसली. पहिल्या घडीत संयुजा. दुसरीत मोल, आणि एक मोल वायू किती जागा व्यापतो ते. तिसरीत कोणता धातू आम्लातून हायड्रोजनला हुसकावतो आणि कोणता नुसता बघत बसतो, त्याची यादी. चौथीत लिटमस आणि त्याचे रंग. पाचव्या घडीत एक समीकरण होते, ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्लाचे. ते तोलायला चार आकडे लागतात : दोन, तीन, एक, सहा. हे आकडे चुकले म्हणून तिने माझ्याआधीच्या तीन चिठ्ठ्या फाडल्या. मी चौथी. ती पीठ मळताना, गाय दोहताना तेच आकडे पुटपुटत राही. शेवटी तिची आई वैतागून म्हणाली, "अगं बये, पाहुणे यायचेत. बोरसोक तळायचेत की समीकरणं?"

आता तुम्ही म्हणाल, एवढी हुशार मुलगी आणि चिठ्ठी लिहिते? तर ऐका. चिठ्ठ्या लिहायला त्यांच्या बाईंनीच सांगितले होते. सादात एजेके त्यांचे नाव. आमच्याकडे बाईंना एजेकेच म्हणतात, मोठ्या बहिणीला म्हणावे तसे. त्यांची उजळणी घेण्याची रीत जगावेगळी होती.

"मनसोक्त चिठ्ठ्या लिहा," त्या वर्गाला सांगत. "जिला अख्खं रसायन दोन बोटांच्या कागदावर बसवता आलं, तिला ते समजलं. जिला पोतं लागलं, तिनं माझ्याकडे परत यायचं."

आणि ज्या सकाळी मुले परीक्षेसाठी राजधानीला निघत, त्या सकाळी शाळेच्या अंगणात एजेके समोवार पेटवत. चहाचे पाणी उकळायच्या त्या पितळी भांड्याच्या मधल्या नळीत सुक्या काटक्या असत. रांगेने एकेकाने पुढे यायचे आणि आपली चिठ्ठी त्या नळीत टाकायची. त्या आगीवर पाणी उकळायचे, त्याचा दूध घातलेला चहा सर्वांनी प्यायचा, मग बसमध्ये चढायचे. एजेके वाट्या भरता भरता म्हणत, "घ्या. आता रसायन पोटात गेलं. पोटातलं कोण हिसकावून घेतंय?" मुले हसत. पण मित्रांनो, त्या चहाने त्यांना खरोखर धीर येई. आमच्या जातीला याहून चांगले मरण नाही. माझ्या कितीतरी बहिणी त्या चहाच्या कामी आल्या.

मी आले नाही. त्या वर्षी पाच मुले निघाली होती. नुरझातला डॉक्टर व्हायचे होते. गावात दवाखाना नव्हता, हिवाळ्यात खिंड बंद झाली की आजारी माणसाला वसंताची वाट पाहावी लागे. "आपली नुरझात डॉक्टर होऊन येईल," असे सगळे गाव म्हणू लागले होते, आणि त्या म्हणण्याचे ओझे तिच्या छातीवर बसले होते. आदल्या दिवशी तिने कोऱ्या कागदाची माझ्याच मापाची पट्टी कापली. तिच्याही नऊ घड्या घातल्या. सकाळी समोवारात पडली ती कोरी पट्टी. मी तिच्या लोकरी स्वेटरच्या बाहीत होते. आगीचा आवाज मला आतून ऐकू येत होता. एजेकेंनी तिच्या हातात वाटी दिली तेव्हा नुरझातने बाही सावरत ती घेतली आणि थोडा चहा माझ्यावर सांडला. तो डाग अजून आहे. कोपऱ्यातला पिवळा ठिपका दिसतो ना, तोच.

बाहीची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घात तिथेच झाला. कॉपी करणारे डाव्या बाहीत चिठ्ठी ठेवतात आणि उजव्या हाताने ओढतात. परीक्षकही डावीच बाही बघतात. म्हणून नुरझातने हुशारी केली. तिने मला उजव्या बाहीत घातले.

परीक्षा तोंडी होती. लांबलचक टेबलावर प्रश्न लिहिलेली तिकिटे पालथी मांडलेली, पलीकडे तीन परीक्षक. मधल्या बाई जाड चष्म्याच्या. नुरझातने तिकीट उचलले, उलटे केले, आणि तिचा श्वास मोकळा झाला. दर्शकांचे रंग, आम्ल आणि आम्लारीची क्रिया, आणि शेवटी फळ्यावर सोडवायचे एक समीकरण. ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल! तिला मला बघायची काहीच गरज नव्हती. तिने बघितलेही नाही. पहिली दोन्ही उत्तरे तिने घडाघडा सांगितली. चष्म्याच्या बाई खूश होऊन म्हणाल्या, "छान. जा, फळ्यावर मांड."

फळ्याचा खालचा अर्धा भाग आधीच्या मुलाने भरून ठेवला होता. नुरझातने खडू घेतला, हात वर केला, आणि बाही मागे सरकून मी मनगटाशी डोकावू लागले. तिने झटकन हात खाली घेतला.

"वर लिही, वर जागा आहे," बाई म्हणाल्या.

ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. हात अंगाशी गच्च दाबलेला. दोन, तीन, एक, सहा. तिची नाडी माझ्यावर तेच आकडे ठोकत होती. मी पाचव्या घडीत तेच घेऊन बसले होते. माझ्यात आणि फळ्यात दोन हातांचे अंतर होते.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"येत नाही, की लिहीत नाहीस?"

"येत नाही."

बाईंनी खेद वाटल्यासारखे करून तीन गुण मांडले. पाचपैकी तीन. प्रवेशाला निदान चार लागत. आयुष्यात मी कोणाच्या उपयोगी पडले नाही, ते एक वेळ मी सोसले असते. पण जिला सगळे येत होते, तिचा हात मी धरून ठेवला.

संध्याकाळी गुणांची यादी लागली. सादात एजेके बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तीनचा आकडा पाहिला आणि तडक आत गेल्या. नुरझात त्यांच्या मागे, मी नुरझातच्या बाहीत.

"ही पोर झोपेत समीकरणं तोलते!" एजेके कडाडल्या.

"मग झोपेत आणायची होती," चष्म्याच्या बाई म्हणाल्या. "जागेपणी तिला आलं नाही."

"तुम्हाला डोंगरातली पोरं नकोतच! त्यांच्या जागा कोणाच्या घशात घालता ते ठाऊक आहे मला. चोर आहात तुम्ही, चोर!"

चष्म्याच्या बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. रखवालदाराने एजेकेंना दंडाला धरून बाहेर नेले. त्यांच्या डोक्यावरचा रुमाल घसरला, तोही त्यांना सावरू दिला नाही. त्या क्षणी नुरझातने एक शब्द बोलायला हवा होता. ती बोलली नाही. परतीच्या बसमध्ये एजेकेंनी तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सात तास सोडला नाही. त्यांची बोटे स्वेटरवरून मला लागत होती. मित्रांनो, त्या सात तासांत मी कोळसा झाले असते तर बरे झाले असते.

"पुढच्या वर्षी पुन्हा बस. मी येते सोबत, बघते त्यांच्याकडे," एजेके म्हणत राहिल्या. म्हणूनच नुरझात पुन्हा बसली नाही. ती शिक्षिका झाली आणि याच शाळेत रसायन शिकवू लागली. मला तिने लिटमस कागदाच्या रिकाम्या डबीत घालून खणात ठेवले. अंधार, उग्र वास, वर्षानुवर्षे कोणाचा हात नाही. पण वर्षातून एकदा, परीक्षेच्या सकाळी, खिडकीतून अंगणातले आवाज येत. निवृत्त झाल्यावरही समोवार पेटवायला सादात एजेकेच येत, आणि मुलांना तीच गोष्ट सांगत : "एका वर्षी राजधानीच्या चोरांनी आपल्या गावचा डॉक्टर पळवला. ही बघा, ही तुमची एजेके!" नुरझात खाली मान घालून वाट्या भरत असे. मुलांना वाटे, नुरझात एजेकेंना दुःख होते आहे.

अशी तीस वर्षे गेली. आता तोंडी परीक्षा गेली, छापील उत्तरांचे गोल काळे करायचे असतात. पण चिठ्ठ्या तशाच लिहिल्या जातात आणि समोवारही तोच आहे. या वर्षी सादात एजेके काठी टेकत आल्या. वयाची ऐंशी उलटली, पण आवाज खणखणीत. रांगेतल्या एका आगाऊ मुलीने विचारले, "एजेके, कोणी कोरा कागद टाकला तर कळतं का हो?"

सगळे हसले. एजेकेही हसल्या. "मला काय कळायचंय? पण माझ्या पोरींनी कधी टाकला नाही."

थोड्याच वेळात खण उघडला. नुरझातने डबी घेतली, अंगणात गेली आणि सगळ्या मुलांदेखत मला एजेकेंच्या मांडीवर ठेवले. "टाकला होता, एजेके. मी टाकला होता."

एजेकेंनी चष्मा लावला आणि माझी एकेक घडी उलगडली. पाचव्या घडीवर त्यांचे बोट थांबले. "दोन, तीन, एक, सहा. बरोबर आहे की. मग लिहिलं का नाहीस?"

"हात वर केला असता तर ही दिसली असती."

चहाच्या वाट्या तशाच निवत होत्या.

"त्या बाईला मी तोंडावर चोर म्हटलं," एजेके हळूच म्हणाल्या.

"हो."

"आणि तीस वर्षं या लेकरांना तेच सांगत आले."

"हो, एजेके. मी ऐकत होते."

नुरझातने मला उचलले आणि समोवाराच्या नळीवर धरले. मला धग लागली. उशिरा का होईना, बहिणींकडे निघाले म्हणून मी हरखून गेले. तोच एजेकेंनी तिचे मनगट पकडले.

"नाही. ही आग वेळेवर देणाऱ्यांसाठी आहे. हिला जाळून तू मोकळी होशील. भिंतीवर लाव हिला. आणि त्या बाईंचा पत्ता काढ. त्या नसतील तर त्यांच्या लेकराबाळांचा काढ. मला माफी मागायचीय. तू येणार आहेस सोबत."

"येते," नुरझात म्हणाली आणि रडू लागली. एजेकेंनी मनगट सोडले नाही. तोच उजवा हात होता.

म्हणून मी इथे आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ झटका. मी तसे कोणत्या तोंडाने म्हणू? मला जपू नका. तुम्ही मात्र भरपूर चिठ्ठ्या लिहा, बारीक अक्षरात लिहा, चुकली तर फाडून चौथ्यांदा लिहा. आणि निघायच्या सकाळी माझ्यासमोरून जाताना दोन्ही बाह्या झटकून बघा. जे निघेल ते समोवारात टाका आणि चहा पिऊन बसमध्ये चढा. माझ्या शेजारी भिंतीत आणखी एक खिळा रिकामा आहे. तो तसाच राहू द्या. मला इथे सोबत नको आहे.