नऊ वाजताचं फडकं

शिवणाचा क्लास बंद करून सात वर्षं झाली, तरी सोसायटीच्या दोन्ही इमारतींत तिला सगळे टीचरच म्हणायचे. लग्न केलं नाही की झालं नाही, हे विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. आईच्या दुखण्यात बावन्नावं वर्ष उजाडलं, आई गेली, आणि मग एका दुपारी टीचरच्या लक्षात आलं की आपल्याला चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. भाऊ होता, दुसऱ्या गावी. दर रविवारी त्याचा फोन यायचा. 'तब्येत कशी आहे'पासून 'जपून राहा'पर्यंत चार मिनिटं लागायची. कधी पाच.

समोरासमोर दोन इमारती, मध्ये फरशीचं अंगण आणि सगळ्यांच्या खिडक्या अंगणाकडे. इतक्या खिडक्या असूनही तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजी गेल्याचं कळायला चार दिवस लागले होते, आणि कळलं तेही वासावरून. त्यानंतर सभा झाली. सगळे चुकचुकले, 'काहीतरी केलं पाहिजे' म्हणाले आणि चहा पिऊन घरी गेले. टीचर मात्र घरी येऊन मशीनवर बसली. पडद्यांचं उरलेलं पिवळंधमक कापड होतं, त्याची तिने आठ फडकी बेतली, चारी काठ दुमडून टीप मारली, टांगायला नाडी लावली.

नियम सोपा होता. जो एकटा राहतो त्याने सकाळी नऊच्या आत फडकं खिडकीबाहेर लावायचं आणि संध्याकाळी आठच्या आत घरात घ्यायचं. सकाळी दिसलं नाही किंवा रात्री आत गेलं नाही, तर टीचर आधी फोन करणार, मग बेल वाजवणार, मग तिच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडणार. नऊच्या ठोक्याला ती वही घेऊन अंगणात उतरायची, मान वर करायची आणि सात नावांपुढे सात बरोबरच्या खुणा करायची. संध्याकाळची तपासणी आपल्याच खिडकीतून.

लोकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. 'आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून,' असं पहिल्या मजल्यावरची एक सून म्हणाली. 'लष्कराच्या भाकऱ्या,' असं भाऊ म्हणाला. टीचर वही घेऊन उतरायची ती उतरतच राहिली. तिला हे काम आवडत होतं. सकाळी नऊ वाजता आपण कुठेतरी असायला हवं, ही गोष्ट क्लास बंद झाल्यापासून तिला मिळाली नव्हती.

आठवं फडकं तिचं स्वतःचं. त्याचं नाव वहीत नव्हतं. स्वतःची हजेरी स्वतः कोण घेणार? पण ते फडकं बघणारा एक माणूस होता.

तिच्या बरोब्बर समोरच्या इमारतीत, तिच्यासारखेच दुसऱ्या मजल्यावर, नकाशेवाले राहायचे. सगळी नोकरी जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेलेली. सडाफटिंग माणूस. बोलणं तिरकं, शर्टाचं वरचं बटण कायम तुटलेलं. टीचर वही घेऊन अंगणात आली की त्यांची खिडकी उघडायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज यायचा.

"टीचर, आठवं फडकं दिसलं हो! तुम्ही आहात अजून!"

"हळू बोला, लोक ऐकतात," ती खालून म्हणायची.

"ऐकू देत की. त्यांनाही कळू दे तुम्ही आहात ते."

ती रागवायची आणि त्या रागावर तिचा दिवस बरा जायचा. दहा वाजता ते वर्तमानपत्र तिच्या पत्रपेटीत आणून टाकायचे. शब्दकोडं सोडवलेलं, पण दोन शब्द मुद्दाम रिकामे ठेवलेले. ते तिच्यासाठी. यापलीकडे दोघांत काही नव्हतं. इमारतीने बारा वर्षं चघळूनही काही निघालं नाही, तेव्हा इमारतच कंटाळली.

या नकाशेवाल्यांची एकच खोड होती. संध्याकाळी फडकं आत घ्यायला ते विसरायचे. विसरायचे कसले, कंटाळा करायचे. पहिल्या महिन्यात टीचर तीनदा जिने चढून गेली. तिन्ही वेळा ते खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते.

"अहो, हा नियम आहे," ती धापा टाकत म्हणाली.

"रोज संध्याकाळी ते ओढून आत घ्यायचं म्हणजे आपलंच दुकान आपण बंद केल्यासारखं वाटतं. असू दे बाहेर. सकाळी मी आवाज देतोच ना?"

तेही खरंच होतं. मग तिने त्यांच्या रात्रीच्या फडक्याकडे बघणं सोडून दिलं. इतर सहा जणांना ती या बाबतीत इंचभर सूट देत नव्हती.

तो मंगळवार होता. सभेत नळाचं बोलणं झालं, गाड्या लावण्याचं झालं आणि शेवटी सेक्रेटरींनी फडक्यांच्या योजनेबद्दल टीचरचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून नकाशेवाले म्हणाले, "मेलेला माणूस ताजा सापडावा, यासाठी योजना उत्तम आहे. जिवंत माणसाकडे कोण येतं बघायला?"

सगळे हसले. टीचरच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. 'मी येते की रोज,' असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच. "तुम्हाला नको असेल तर तुमचं नाव काढून टाकते."

"काढा खुशाल," ते म्हणाले. तेही हसत होते, पण त्यांचं हसू अर्धवटच राहिलं. काहीतरी जास्त बोलून गेलो, हे त्यांना कळलं असावं. टीचरने पाहिलं आणि मान फिरवली.

बुधवारी नऊ वाजता त्यांचं फडकं बाहेर होतं. खिडकी उघडली नाही, आवाज आला नाही. 'रुसलेत म्हणे! बोलून बोलून वर रुसायचं,' असं म्हणत तिने त्यांच्या नावापुढे अशी खूण केली की पेनचा ठसा मागच्या पानावर उमटला. दहा वाजता पेपर आला नाही. गुरुवारीही फडकं बाहेर, खिडकी बंद, पेपर नाही. आपण आधी बोलायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. रुसवा काढायला जायचं हे काही आपलं वय नाही, असंही मनाशी म्हणून झालं.

शुक्रवारी सकाळी तिने पत्रपेटीत हात घातला. भांडण कितीही झालं तरी तीन दिवस पेपर आला नाही, असं बारा वर्षांत कधी घडलं नव्हतं. तिने किल्ली घेतली. दार उघडलं तर पेपरवाल्याने खालून सरकवलेले तीन पेपर तसेच पायाशी पडलेले होते. नकाशेवाले न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवे होते, एक हात बाहेरच्या खोलीकडे लांबवलेला. अंगावर सभेतलाच शर्ट होता.

डॉक्टर म्हणाले, मंगळवारी रात्री पडले असावेत, खुबा मोडला. जीव लगेच गेलेला नाही. बुधवारी दुपारपर्यंत तरी असावेत.

"लवकर कळलं असतं तर?" टीचरने विचारलं.

"तसं सांगता येत नाही," असं म्हणून डॉक्टर कागदावर लिहू लागले.

इमारतीतल्या कोणीही तिला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. सेक्रेटरी घरी आले. वयाने भाच्यासारखे, वागायलाही चांगले.

"टीचर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक तुमची नाही, पद्धतच जुनी होती. आता आपण फोनवर ग्रुप करतोय. सकाळी नऊपर्यंत प्रत्येकाने अंगठा पाठवायचा. कुणाला जिने चढायला नकोत, उतरायला नकोत."

"आणि अंगठा आला नाही तर?"

"ग्रुपवर सगळेच आहेत ना. कोणी ना कोणी बघेलच."

गरज सरो, वैद्य मरो. किल्ल्या ज्याच्या त्याला परत गेल्या. फडक्यांनी कुठे गॅसचा ओटा पुसला जाऊ लागला, कुठे स्कूटर. ग्रुपवर पहिल्या आठवड्यात सात अंगठे आले. पुढे त्यांच्यात फुलं आली, सुविचार आले, पाणी येणार नसल्याच्या सूचना आल्या, कुणाच्या तरी नातवाचं बक्षीस आलं. त्या सगळ्यातून अंगठे मोजायचे तर डाळीतले खडे निवडल्यासारखं बसावं लागलं असतं. टीचर तशी बसायची. आणखी कोणी बसत असेल असं तिला वाटत नव्हतं. पण खात्री नव्हती, आणि खात्री नसणं हे एका अर्थी बरंच होतं.

ती स्वतः अंगठाही पाठवायची आणि फडकंही लावायची. समोरच्या खिडकीला आता जाळी बसली होती. जागा विकायला काढली होती.

तीन महिन्यांनी एका सकाळी अंघोळ करताना तिला घेरी आली. नळ धरला म्हणून ती पडली नाही. मिनिटभरात सगळं ठीक झालं, तिने केससुद्धा पुसले. पण पलंगावर बसल्यावर एकच प्रश्न डोक्यात बसला. मी पडले तर कोण येईल? दोन दिवस तिने त्या प्रश्नाला कामात गुंतवून पाहिलं. उशांना अभ्रे शिवले, कपाट आवरलं. मग तिने ठरवलं की एकदा बघायचंच. अंदाजावर राहण्यापेक्षा कळलेलं बरं.

तिने मंगळवार निवडला. मुद्दामच. संध्याकाळी फडकं आत घेतलं नाही. खिडकीचा पडदा ओढून घेतला, म्हणजे आपणच सारखं बघत बसायला नको. बुधवारी अंगठा पाठवला नाही. फोन शेजारी ठेवून ती खुर्चीत बसली. घरात सगळं होतं. चहा, बिस्किटं, ब्रेड, प्यायला पाणी. फक्त दाराबाहेर जायचं नव्हतं आणि फोन आपण होऊन करायचा नव्हता.

नऊ वाजले, सव्वानऊ झाले. ग्रुपवर कोणीतरी सूर्योदयाचा फोटो टाकला. जिन्यात पाऊल वाजलं की ती सावरून बसायची आणि मनात म्हणायची, आलं कोणीतरी. पाऊल वर निघून जायचं. दुपार इतकी मोठी असते हे तिला माहीत नव्हतं. एरवी ती दुपारला कात्रीने कापून तुकडे करायची, थोडी झोप, थोडं शिवण, थोडी भाजी निवडणं. आता अख्खी दुपार समोर पडून होती. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी तिला स्वतःचाच राग आला, पोरीसारखं रुसून बसल्याचा. तरी ती उठली नाही. शुक्रवारी सकाळी साडेअकराला बेल वाजली.

ती ताडकन उठली. कोणीतरी आलं! दार उघडेपर्यंत तिने ठरवूनही टाकलं होतं की काय सांगायचं. 'काही नाही हो, जरा ताप होता.'

दारात तळमजल्यावरची नवी भाडेकरीण उभी होती. कामाला निघालेली, खांद्याला पर्स. हातात पिवळं फडकं, व्यवस्थित घडी केलेलं.

"मावशी, हे तुमचं आहे का? आमच्या बाल्कनीत पडलं होतं. तिसऱ्या मजल्यावर विचारलं, ते म्हणाले तुमचं असेल."

टीचरने फडकं हातात घेतलं. नाडी तुटली होती. स्वतःच्याच हाताने मारलेली टीप उसवली होती.

"कधी पडलं?"

"बुधवारी सकाळी दिसलं मला. म्हटलं येईल कोणीतरी मागायला. आज कपडे वाळत घालताना पुन्हा दिसलं, म्हणून म्हटलं देऊनच टाकू." ती हसली. "ओटा पुसायचं आहे का? कापड छान आहे."

"हो," टीचर म्हणाली. "पुसायचंच आहे."

"काही लागलं तर सांगा हं, मावशी," असं म्हणून ती घाईघाईने जिना उतरली. चांगली मुलगी होती. तिचा काय दोष?

टीचर दार लावून आत आली. म्हणजे तीन सकाळी फडकं खिडकीत नव्हतंच. अंगठा नाही, फडकं नाही, आणि चाळीस खिडक्या. उत्तर मिळालं होतं. ते तिला आधीच माहीत होतं, म्हणून वाटलं होतं तितकं ते लागलं नाही.

लागलं ते दुसरंच. तिने मशीनच्या खणातून जुनी वही काढली आणि त्या बुधवारचं पान उघडलं. खूण तिथेच होती, मागच्या पानावर उमटलेली. आपण अडीच दिवस खुर्चीत बसलो, पोटात चहा होता, पाय धड होते, आणि तरी प्रत्येक पावलाला कान टवकारले. ते गार फरशीवर होते. रात्रभर. मग उजाडलं असेल. अंगणातून तिच्या चपलांचा आवाज त्यांना ओळखता यायचा, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. सभेत काहीही बोललेले असोत, नऊ वाजले तेव्हा त्या चपला ऐकून त्यांना वाटलं असेल, आल्या टीचर. आता वर बघतील. आता येतील.

आणि ती खाली उभी राहून, मान वर करून, त्यांच्यावर रागावली होती.

तिने वही मिटली नाही. सुईत दोरा ओवताना चार वेळा चुकला. पाचव्यांदा ओवला गेला, आणि ती फडक्याला नाडी शिवायला बसली.