सुरुवातीचं चिन्ह लिहू नका

बाबांची वाचा दोनदा गेली. पहिल्यांदा अर्धांगवायूने. तेव्हा दादाने त्यांच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावरच्या चित्राला बोट लावलं की वाक्य ऐकू यायचं, दादाच्याच आवाजात. पुढे दादा गेला, आणि त्याच्यामागे कॉम्प्युटर अपडेट झाला तेव्हा प्रोग्रामही बंद पडला. बाबा नुसतेच बोट लावत राहिले.

दादाने कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत तो प्रोग्राम लिहिला, तिची माहिती लोकांना समजेल अशी लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. मी आल्या आल्या खुर्ची ओढली, तर वहिनींनी कीबोर्ड स्वतःकडे घेतला. त्या कपडे शिवतात. टेबलावर कात्री, खडू आणि कॉम्प्युटर एकत्रच नांदतात.

"भावजी, तुम्ही उद्या जाल. पुन्हा बिघडला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू? मला करू द्या."

आमच्या कामात एक रीत आहे. नवखा माणूस माहितीचं पान वाचताना लिहिणाऱ्याने तोंडाला कुलूप लावायचं. तो जिथे अडेल तिथे पान चुकलं, माणूस नाही. मी खुर्ची मागे सरकवली.

वहिनींनी आमच्या वेबसाइटवरचं दुरुस्तीचं पान उघडलं आणि त्यातली ओळ जशीच्या तशी टाइप केली. लाल अक्षरांत चूक आली. पुन्हा केली, पुन्हा लाल. ओळीच्या सुरुवातीचं डॉलरचं चिन्हही त्या इमानेइतबारे टाइप करत होत्या. ते नुसतं ओळ कुठे सुरू होते ते दाखवतं, लिहायचं नसतं, हे जाणत्यांना ठाऊक असतं, म्हणून पान लिहिणाऱ्या आमच्या पंडिताने सांगितलंच नव्हतं. वर पहिलंच वाक्य, 'हे अगदी सोपं आहे.' असा संताप आला मला! सोपं कुणाला, तर ज्याला आधीच येतं त्याला.

"मी मेली पालथा घडा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचा आवाजसुद्धा सांभाळता येईना मला."

मी माझा लॅपटॉप उघडला. वेबसाइटवरच्या त्या पानातलं 'सोपं आहे' खोडलं आणि लिहिलं, 'सुरुवातीचं डॉलरचं चिन्ह लिहू नका. त्याच्या पुढचं तेवढं लिहा.'

"वहिनी, पान पुन्हा उघडा."

त्यांनी वाचलं. "असं होय!" म्हणाल्या आणि चिन्ह काढून ओळ पुन्हा टाइप केली. या वेळी लाल काही आलं नाही. चित्रं पडद्यावर उभी राहिली.

बाबांनी बराच वेळ ती न्याहाळली. पाण्याच्या चित्राला बोट लावलं नाही, औषधाच्याही नाही. कोपऱ्यातल्या ताटाच्या चित्राला लावलं.

"सूनबाई, जेवलीस का?" दादाचा आवाज आला.

"जेवते, बाबा," वहिनी म्हणाल्या. पण बघत होत्या त्या कॉम्प्युटरकडे.