कॅमेऱ्यावरचा टॉवेल

जयवंतीने दोरीवरचा ओला टॉवेल ओढला, स्टुलावर चढली आणि तो थेट कॅमेऱ्यावर टाकला. टॉवेलाखालीही कॅमेरा किर्र करत वळतच राहिला. मग त्यातून एक घोगरा आवाज आला, कुणाच्या तरी घशात शब्द अडकावा तसा. ती स्टुलावरून उतरली की पडली हे तिचं तिलाच कळलं नाही. घरात शिरून तिने आधी कडी घातली.

कॅमेरा लावला होता भावेशने, तिच्या नवऱ्याने. अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांना कुत्र्यांपेक्षा माणसांचं भय जास्त, असं तो म्हणे. तो बोट घेऊन समुद्रात गेला की घरात ती एकटी. मोबाईलवरून फिरवायचा हा कॅमेरा गेले काही दिवस आपोआप मान वळवत होता आणि तिचा मोबाईल तर फडताळात पडलेला असायचा. त्यात शेजारच्या हंसाने मासळी निवडताना बोईसरच्या कुणा बाईची गोष्ट सांगितली. बाईला पत्ताच नाही आणि तिचा व्हिडिओ परक्या लोकांच्या मोबाईलमध्ये. तेव्हापासून जयवंतीला अंगणात केस विंचरायचीही चोरी झाली. भावेशला सांगावं तर खोल समुद्रात रेंज नाही.

शेवटी तिने वायफाय बसवून देणाऱ्या कुंदनला बोईसरहून बोलावलं.

"पासवर्ड काय ठेवलाय?" त्याने विचारलं.

"बोटीचं नाव. म्हालक्ष्मी. आणि पुढे तिचा नंबर."

कुंदनने मान वर केली. "ताई, नाव आणि नंबर तर बोटीवर हातभर अक्षरात रंगवलेला असतो."

"मग? आमच्या आलीत सगल्या घरांचा तसाच हाय. इसरत नाय."

"चोर पण इसरत नाय. कुलूप लावलंत आणि चावी दारालाच टांगलीत." तो मोबाईलवर बोट फिरवत राहिला. "कॅमेऱ्याला पण तोच पासवर्ड. आणि ह्या बगा, दुसरा एक मोबाईल जोडलेला हाय. घरातला हाय का?"

जयवंतीने नकारार्थी मान हलवली. घरात मोबाईल तिचा एकटीचाच होता; भावेशचा त्याच्याबरोबर समुद्रात, रेंजबाहेर.

"वळतो कधी?" कुंदनने विचारलं.

"परवा सकाळी वळला. काल जरा उशिरा. आज दुपारच्या तोंडाला."

"चोराला टायमाची शिस्त नाय," कुंदन म्हणाला.

त्याने वायफायचा आणि कॅमेऱ्याचा, दोन्हींचे पासवर्ड बदलले. अक्षरं, आकडे, मध्येच कसल्या कसल्या खुणा. परका मोबाईल काढून टाकला. जाताना बजावून गेला, हे कुणाला सांगायचं नाय, सख्ख्या भावाला पण नाय. तो गल्लीतून दिसेनासा झाला तसा जयवंतीने टॉवेल पुन्हा कॅमेऱ्यावर टाकला. पासवर्ड कितीही मोठा असला तरी तिचा भरवसा टॉवेलावरच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काठ्यांवरचे बोंबील उलटत होती. एक कान कॅमेऱ्याकडे. किर्र नाही, काही नाही. सुटले बाई, असं तिने स्वतःशीच म्हटलं. खाडीत पाणी चढलं होतं. पहिल्या बोटीचं इंजिन ऐकू आलं आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

परवा सकाळी, काल उशिरा, आज दुपारी. भरती अशीच रोज थोडी थोडी पुढे सरकते. कॅमेरा वळत होता तो पाणी चढल्यावर, बोटी आत यायच्या वेळेला. आणि वळत होता कुठे? दाराकडे नाही, तिच्याकडेही नाही. खाडीकडे. इतके दिवस तिने भीतीपोटी हे नीट बघितलंच नव्हतं.

बोटींची वाट बघणारा चोर कुठला?

तात्यांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, लकवा मारून जीभ जड झाल्यापासून ते बोईसरला मुलीकडे, कीर्तीकडे राहत होते. तिथून दवाखाना जवळ पडे. ते जाताना भावेशने आपला जुना मोबाईल त्यांच्या हातात ठेवला होता. त्यात काय काय सुरू राहिलंय, हे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. जन्मभर भरतीला बंदरावर उभा राहिलेला माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून काय बघणार? समोर कारखान्याची भिंत.

तिने कीर्तीला फोन लावला.

"वयनी, मीच करणार होते," कीर्ती म्हणाली. "तात्यांचा मोबाईल बिघडला. कालपासून नुसता आपटतात. सकाळपासून जेवले पण नाय."

 ज्याला जयवंती इतके दिवस घाबरली, त्याच्याच डोळ्यांवर तिने ओला टॉवेल टाकला होता. तिला स्वतःची फार लाज वाटली.

"मोबाईल बिघडला नाय," ती म्हणाली. "मी कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललाय. सांगते तसा टाक."

एकेक अक्षर सांगताना कुंदनची ताकीद तिला आठवत होती. तरी तिने शेवटच्या खुणेपर्यंत सगळं सांगितलं. मग स्टुलावर चढून टॉवेल काढला आणि खाली उतरून उभी राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. मग किर्र झालं. कॅमेरा खाडीकडे वळला. मुखाशी दोन बोटी होत्या आणि मागची म्हालक्ष्मी होती. ती आत शिरेपर्यंत कॅमेरा हलला नाही. नंतर तो हळूहळू परत फिरला आणि जयवंतीसमोर येऊन थांबला. त्यातून तोच घोगरा आवाज आला.

जयवंती गाऊनवरच होती. हातातला टॉवेल तिने डोक्यावर घेतला आणि कपाळापर्यंत ओढला, तात्या ओटीवर बसलेले असताना घ्यायची तसा.

"बोट आली, तात्या," ती म्हणाली. "आता जेवून घ्या."