सरावाचे पैसे

"त्या डब्याला हात लावलात तर बघा."

ऑपरेटरबाई ओव्हनसमोर वाकल्या होत्या आणि हे त्यांनी मागे वळूनही न पाहता म्हटले. मागे मीटरवाले, म्हणजे त्यांचे यजमान, बहिणीने आणलेल्या डब्याचे झाकण नखाने उचलत होते. डब्यात तळलेले, मीठ भुरभुरवलेले, तुपकट असे जे जे होते, त्या सगळ्यावर मीटरवाल्यांच्या हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी फुली मारली होती.

"वास घेतोय फक्त."

"वासानंच सुरुवात होते. बाहेर जा बघू. तुमच्यासाठी हे मशरूम भरतेय."

"त्यात काय भरतेस?"

"पालक."

मीटरवाल्यांना पुन्हा शाळेत नाव घालायला सांगितले असते, तर त्यांनी जो चेहरा केला असता तो केला, आणि ते बाहेर गेले.

वर्षअखेरची सुट्टी उद्यापासून लागत होती. धाकटे दीर आणि नणंद सकाळीच येऊन दाखल झाले होते. ऑपरेटरबाई उठल्यापासून जेवणाआधीचे खाणे करत होत्या. काकडीच्या जाड चकत्यांवर घट्ट दही, भाजलेल्या रताळ्याचे काप, लिंबू पिळलेले उकडलेले चणे आणि आता हे मशरूम. तेल ब्रशने लावलेले, मीठ चिमटीच्याही अर्ध्याने घातलेले. पहिली दोन ताटे बाहेर गेली आणि जशीच्या तशी परत आली. अगदी जशीच्या तशी नाही म्हणा. धाकट्या दिरांनी काकडीवरचे दही बोटाने चाटून काकड्या पुन्हा जागेवर लावून ठेवल्या होत्या.

"वहिनी, हे आजारी माणसाचं खाणं झालं हो," नणंद म्हणाली. "सुट्टीचं काहीतरी करायचं होतं."

"घरात आजारी माणूसच आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या, आणि पुढचे शब्द त्यांनी गिळले.

शब्द गिळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डवर बसून केली. आतले साहेब खेकसायचे, बाहेरची माणसे खेकसायची, आणि ऑपरेटरबाई दोघांनाही "थांबा हं, जोडते" म्हणायच्या. हजारो माणसांचे बोलणे त्यांच्या हातून गेले, पण त्यांना काय वाटते हे त्या बोर्डवर कोणी कधी विचारले नाही. घरीही फारसा फरक नव्हता.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी एक गोष्ट निव्वळ स्वतःसाठी केली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत परकीय चलनांच्या व्यवहाराचा, नवशिक्यांसाठी म्हणून एक वर्ग निघाला होता, त्यात नाव घातले. येन देऊन डॉलर घ्यायचा, भाव सरकला की उलटे करायचे, मधला फरक आपला. नाहीतर आपल्या डोक्यावर. खात्यातल्या पैशांच्या कितीतरी पट व्यवहार उधारीवर करता येई, त्यामुळे भाव जरा उलटा गेला तरी खाते रिकामे होई. वर्गाला आलेल्या बहुतेकांना पुढच्याच महिन्यात श्रीमंत व्हायचे होते. मास्तर म्हणाले, आधी वर्षभर सरावाच्या खात्यावर खोट्या पैशांनी व्यवहार करा, आणि वर्ग ओस पडला. ऑपरेटरबाई तेवढ्या राहिल्या. मास्तरांचे सांगणे त्यांना तोंडपाठ होते. व्यवहारात शिरण्याआधी बाहेर पडायची जागा ठरवा. मोठी सुट्टी लागायच्या आत सगळे बंद करा, नवीन काही उघडू नका, कारण तेव्हा बाजारात माणसे कमी असतात आणि भाव कशाही उड्या मारतो. आणि जेवढे गेले तरी रडू येणार नाही, तेवढेच पैसे घाला.

संध्याकाळी मीटरवाले त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसत. "बघू, मला एक डाव टाकू दे." त्या देत. खोटेच पैसे, कोणाचे काय जाते? मीटरवाले पत्ते पिसल्यासारखे हात चोळत, कसलीही मर्यादा न घालता दणकून व्यवहार करत, सगळे बुडवत आणि खदखदून हसत. मग एक बटण दाबले की खाते पुन्हा भरून जाई. दुखण्यातून उठल्यापासून ते एवढ्या एकाच वेळी तसे हसत, म्हणून ऑपरेटरबाईंनी त्यांना कधी अडवले नाही.

गेल्या महिन्यात सरावाचे वर्ष संपले आणि ऑपरेटरबाईंनी खरे खाते उघडले. निवृत्तीच्या पैशांतला लहानसा हिस्सा त्यात घातला, मास्तरांच्या मापाने. मीटरवाल्यांना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. जन्मभर लोकांचे वीजमीटर वाचलेल्या या माणसाची स्वतःचे बिल जरा वाढले तरी छाती धडधडायची. शिवाय डॉक्टरांनी तेल आणि मिठाबरोबर काळजीही बंद केली होती. पहिला महिना नफ्यात गेला की सांगू, असे ऑपरेटरबाईंनी ठरवले. महिना नफ्यात गेला होता. अगदी थोड्या, पण नफ्यात. आता एक शेवटचा व्यवहार उघडा होता. तो बंद करायचा आणि जेवायला बसताना सगळ्यांसमोर सांगायचे. वाक्यही ठरलेले होते. "हे मी कमावलेत," एवढेच. सकाळपासून काकड्या चिरताना त्या ते मनात म्हणून बघत होत्या.

मशरूम ओव्हनमध्ये सरकवून त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि टेबलाच्या कोपऱ्यावरचा लॅपटॉप उघडून खऱ्या खात्यात शिरल्या. सरावाच्या खात्याला वर एक पिवळी पट्टी असे, याला नव्हती. बाकी दोन्ही पडदे जुळ्या बहिणींसारखे. त्या व्यवहार बंद करणार, तोच आतून नणंदेची हाक आली.

"वहिनी, ओव्हनमधून धूर येतोय हो."

"बंद करा ना तेवढा. डावीकडचं बटण."

"मला कुठे कळतंय तुमचं यंत्र?"

"आणि वहिनी," सोफ्यावरून धाकटे दीर म्हणाले, "येताना मीठ आणा. या चण्यांना काही चवच नाही."

ऑपरेटरबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. एकदा तरी, एकदा तरी कोणी म्हणेल का की बसा, मी बघतो? या घरात धूर त्यांचा, मीठ त्यांचे, चमचेसुद्धा त्यांच्याशिवाय कोणाला सापडत नव्हते. त्या ओरडणार होत्या. तोंडातून निघाले ते मात्र नेहमीचेच.

"थांबा हं, आले."

लॅपटॉप तसाच उघडा राहिला.

ओव्हनमध्ये कडेची ओळ करपली होती. त्यांनी ते मशरूम वेगळे काढून आपल्यासाठी एका बशीत ठेवले आणि बरे निघालेले ताटात लावले. बाहेर मीटरवाले खदखदून हसत होते. ते ऐकून ऑपरेटरबाईंना बरेच वाटले. चिडचिड थोडी उतरली. लिंबाची फोड पिळता पिळता त्यांचा हात थांबला. मीटरवाले असे हसतात ते फक्त एका वेळी.

त्या ताट घेऊन दारापर्यंत पोचल्या, तर मीटरवालेच समोर आले.

"ऑपरेटरबाई, तुझं दुकान बुडवलं मी."

"दादाला म्हटलं, घाल सगळे," धाकटे दीर सोफ्यावरून म्हणाले. "खोट्या पैशांना कसली भीती? तर भावानं अशी उडी मारली वहिनी, की यंत्रानं आपणहून सगळं बंद केलं."

ऑपरेटरबाईंनी ताट टेबलावर ठेवले आणि पडद्याकडे पाहिले. वर पिवळी पट्टी नव्हती. खाली जो आकडा उरला होता, त्यात आज ताटात मांडलेल्या काकड्याही आल्या नसत्या.

त्यांना संताप आला. एवढा संताप त्यांना नोकरीत कधी आला नव्हता. धाकट्या दिरांचा आला, धुराचा आला, मिठाचा आला, लॅपटॉप न मिटणाऱ्या स्वतःच्या हातांचा आला. सगळ्यात जास्त आला तो या समोर उभ्या, हसऱ्या माणसाचा, ज्याच्यासाठी त्या मीठसुद्धा डोळ्यांत तेल घालून टाकत होत्या. ठरवलेले वाक्य घशात होते. त्याच्यामागे आणखी पुष्कळ वाक्ये येऊन थांबली होती, वर्षानुवर्षांची.

"काय गं?" मीटरवाल्यांचे हसू अर्ध्यावर आले. हात सवयीने छातीवर गेला आणि तिथेच राहिला. "सरावाचंच खातं होतं ना ते?"

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. आज पहिल्यांदाच सगळे त्या काय बोलतात याची वाट बघत होते.

"थांबा हं," ऑपरेटरबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सरावाचंच होतं."

"मग असा चेहरा का केलास? घाबरलो ना मी."

"मशरूम करपले म्हणून."

"एवढंच ना." मीटरवाल्यांचा हात छातीवरून खाली आला. "मग भर ना पुन्हा. एक बटण तर दाबायचं असतं."

ऑपरेटरबाईंनी उभ्याउभ्याच खऱ्या खात्याचा पडदा बंद केला आणि सरावाचे उघडले. पिवळी पट्टी आली. मीटरवाल्यांनी पुढे वाकून बटण दाबले, आणि आकडा पूर्ववत झाला.

"भरले बघ," ते म्हणाले. "उगाच जीव घाबरा केलास."

त्या सुटकेच्या भरात त्यांनी टेबलावरचे ताट स्वतःहून ओढले, एक मशरूम तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले, "पण चांगलं लागतंय की गं." मग आपल्या भावालाही आग्रहाने एक दिला.

मास्तरांचे माप बरोबर होते. तेवढे पैसे गेले म्हणून ऑपरेटरबाईंना रडू आले नाही. उद्याही घरात दूध येणार होते, औषधे येणार होती. डोळे भरून आले ते त्या एका वाक्यासाठी, आणि तेही पडद्याकडे बघता बघता त्यांनी आवरले.

"वहिनी, तुम्ही पण टाका की एक डाव," धाकट्या दिरांनी तोंडात मशरूम असताना म्हटले. "तुम्ही कसं करता ते तरी बघू."

"सुट्टीच्या तोंडावर मी व्यवहार उघडत नाही."

"अहो, खोट्या पैशांचा सुद्धा?"

"खोट्या पैशांचा सुद्धा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप मिटला, स्वयंपाकघरातून आपली बशी आणली, आणि सोफ्यावर दिरांना जरा सरकायला सांगून, सगळ्यांमध्ये बसून, करपलेले मशरूम एकेक करून खाल्ले.